तापी उत्तर विभंग आणि भूकंपधोक्याचे अनुमान

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने, तापीच्या उत्तरेस साधारण पूर्व-पश्चिम गेलेला भूकवचातील विभंग, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या सापेक्ष सरकतात अशी भेग. खानदेशात चोपडा, यावल व रावेर तालुक्यांच्या उत्तर कडेने त्याचा माग लागतो. पूर्वेकडील गाविलगड विभंगाशी त्याचा संबंध जोडतात.

उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. तापीचे खोरे ही खचदरी, म्हणजे विभंगांमधील जमीन खचून बनलेली दरी आहे, हे एक मत. धुळे-नंदुरबार भागातील असंख्य बेसाल्टी भित्ती (भेगांत लाव्हारस थिजून बनलेले भिंतीसारखे खडक) पूर्व-पश्चिम गेलेल्या असल्याने सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हा-उद्रेकांच्या सुमारास येथील कवच उत्तर-दक्षिण ताणले जात असावे. हा पुरावा त्या मताला पोषक आहे. दुसऱ्या मतानुसार नर्मदा-शोण-तापी पट्टा लाव्ह्याहून कितीतरी जुना, बहुधा कँब्रियन-पूर्व (सु. ५४ कोटी वर्षांहून जुना) असून वेळोवेळी जागा होत आला. जुना दुबळा पट्टा आधी ताणाने खचला आणि आता भारतीय भूपट्टाच्या उत्तरेकडील रेट्याने दाबाखाली उलट सरकत आहे, म्हणजे त्याची एक बाजू दुसरीवर चढत आहे, अशी दोहोंची सांगड अधिक ग्राह्य वाटते. २२ मे १९९७ च्या जबलपूर भूकंपातील हालचाल मुख्यतः अशा उलट प्रकारची होती.

अशा मंद विभंगाचा धोका ठरवताना सरकण्याचा वेग कळीचा ठरतो. उदाहरणादाखल, वेग वर्षाला ०.१ मिमी. आणि एका भूकंपातील सरक १ मी. धरली, तर दोन मोठ्या भूकंपांतील अंतर १०,००० वर्षे येते. वेग ०.०५ मिमी. धरताच तेच २०,००० वर्षे होते. उपग्रहीय मापनात इतका वेग त्रुटीच्या मर्यादेत बुडून जातो, म्हणून सुकी, मोर, अनेर यांसारख्या सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांच्या काठांतील तुटलेले, सरकलेले थर शोधून वाळूच्या कणांवरून त्यांचे वय काढणे हा मार्ग उरतो. पायथ्याचा बझाडा, म्हणजे डोंगरातून आलेल्या गोटे-वाळूचा थर, विभंगाच्या खुणा सतत पुरत असल्याने हे काम चिकाटीचे आहे. उनपदेवचे उष्ण झरे खोलवरच्या भेगा सुचवतात. वेग मात्र त्यांवरून काढता येत नाही.

१४ मार्च १९३८ चा सातपुडा भूकंप (महत्ता सु. ६.३) सु. ४० किमी. खोलीवर झाला असावा. एवढ्या खोल भूकंपाची खूण भूपृष्ठावर उमटेलच असे नाही, त्यामुळे केवळ पृष्ठभागावरील पुराव्यावर काढलेले आवर्तन, म्हणजे दोन मोठ्या भूकंपांतील अंतर, अपुरे पडते.

भूकंपांची लेखी नोंद अशा आवर्तनकाळाचा अगदी छोटा तुकडा व्यापते. ३० सप्टेंबर १९९३ ला हादरलेले किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. शांततेवरून निर्धोकपणा ठरवणे चुकीचे आहे, हे येथे आग्रहाने नोंदवले पाहिजे. यामुळे अभियंते ‘पुढचा भूकंप कधी’ याऐवजी ५० वर्षांत ओलांडला जाण्याची शक्यता १० टक्के असलेला हादरा काढतात; त्याचा सरासरी आवर्तनकाळ ४७५ वर्षे. शक्यता २ टक्के धरल्यास तो सु. २,४७५ वर्षे होतो आणि मंद विभंगांचा वाटा मुख्यतः या दुसऱ्या हिशेबात दिसू लागतो.

भूकंपरोधक बांधकामासाठीच्या भारतीय मानक १८९३ च्या २००२ मधील आवृत्तीत खानदेश तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. तापीकाठचा जाड गाळ हादरा वाढवू शकतो, म्हणून यावल-रावेरकडील केळीच्या पट्ट्यातील गावांसाठी खडकावरचे आकडे जसेच्या तसे वापरू नयेत.