आयर्नवीड, फ्रीज आणि कोकणातला जुलै

आयर्नवीडच्या बियांची पाकिटं हल्ली ऑनलाइन मिळतात. वर जांभळ्या फुलांचे झुपके, खाली ‘हार्डी पेरेनियल’ अशी अक्षरं; पेरेनियल म्हणजे बरीच वर्षं जगणारं. नावात आयर्न आहे म्हणून पाला खाऊन हिमोग्लोबिन वाढेल असं वाटत असेल, तर नाही. यातलं लोखंड म्हणजे फक्त दांड्याचा ताठपणा.

दुसरा घोटाळा ‘हार्डी’चा. आपण त्याचा अर्थ काटक असा घेतो. पाकिटावर मात्र तो शब्द थंडीपुरता असतो: जमीन गोठली, वरचा भाग वाळून गेला, तरी वसंतात बुंध्यातून नवे धुमारे फुटतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जमीन गोठत नाही. इथली परीक्षा जुलैत.

पाकिटात बहुधा न्यूयॉर्क आयर्नवीड असतं, म्हणजे व्हर्नोनिया नोव्हेबोरासेन्सिस. पूर्व अमेरिकेतल्या ओलसर कुरणांत आणि ओढ्याकाठी ते दीड-दोन मीटर वाढतं. त्याचं बी शरदात गळतं. तेव्हाच रुजलं तर कोवळं रोप बर्फात मरणार, म्हणून ते आधी थंडी मोजतं.

कसं, ते पाहण्यासारखं आहे. बियांत दोन संप्रेरकांची ओढाताण चालते. ॲब्सिसिक आम्ल रुजणं रोखून धरतं. जिबरेलिन गर्भाला वाढायला लावतं आणि भोवतीचं आवरण सैल करणारी विकरं (एन्झाइम) तयार करवतं. ताज्या बियांत पहिल्याचं पारडं जड. भिजलेलं बी ४-५ अंश सेल्सिअसला आठवडेच्या आठवडे राहिलं की पारडं हळूहळू जिबरेलिनकडे झुकतं. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात हे बारकाईनं तपासलं गेलं आहे: थंडीनं जिबरेलिन-३-ऑक्सिडेज या जिबरेलिन सक्रिय करणाऱ्या विकराचं जनुक चालू होतं, सक्रिय जिबरेलिन वाढतं, आणि वाढीला लगाम घालणारी डेला नावाची प्रथिनं मोडीत निघतात. हे सगळं पाण्यातलं रसायन आहे. कोरड्या बियांत ते जवळजवळ ठप्प असतं. म्हणून पाकीट तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर बी टिकतं, पण थंडी मोजत नाही.

तेव्हा ओल आणि गारवा दोन्ही द्या. एक चमचा बी, चार चमचे धुतलेली नदीची वाळू. पुळणीवरची वाळू नको, त्यातलं मीठ बियांना पाणी ओढू देत नाही. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा, थेंब गळू नये. झिपच्या पिशवीत भरून, तारीख लिहून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ६० दिवस ठेवा. फ्रीझरमध्ये नाही; भिजलेल्या पेशीत बर्फ झाला की गर्भ मरतो. वीज गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. मध्येच मोड दिसले तर लगेच पेरा.

ऑगस्टच्या मध्याला पिशवी ठेवली की पेरणी ऑक्टोबरच्या मध्याला येते, पाऊस ओसरताना. ट्रेमध्ये वर जेमतेम ३ मिलिमीटर माती. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. माती चिकचिकीत राहिली तर रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. मग ट्रेमधलं पाणी कमी करून हवा खेळती ठेवा. चार पानं आली की ६० ते ९० सेंटिमीटर अंतरावर लावा. खत बेताचंच, जास्त झालं तर दांडे लांबतात आणि वाऱ्यात आडवे होतात. रोप ४५ सेंटिमीटर झालं की शेंडा खुडा.

आता जुलै. ओढ्याकाठचं झाड पाण्यानं कुजेल कसं? वाहत्या, गार पाण्यात प्राणवायू असतो. शून्य अंशाच्या पाण्यात तो लिटरला साधारण १४.६ मिलिग्रॅम विरघळतो, २८ अंशांना आठच्या आत. उकाड्यात मुळांना मात्र तो जास्त लागतो. साचलेल्या कोमट पाण्यात मुळं गुदमरतात, मग बुरशी शिरते. म्हणून वाफा ३० सेंटिमीटर उंच हवा: जांभ्याची माती दोन भाग, खडी एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग. पागोळीखाली अजिबात लावू नका.

फुलं सुकली की बी उडण्याआधी झुपके कापा. अमेरिकेतूनच आलेल्या, याच कुळातल्या रानमोडीनं आपले डोंगरउतार कसे व्यापलेत ते दिसतंच आहे.

एवढा खटाटोप नको असेल, तर आयर्नवीडची सख्खी चुलत बहीण गडग्याच्या फटीत उभी असते: सहदेवी. ही पूर्वी व्हर्नोनियातच धरली जायची. तिला फ्रीज लागत नाही. गुडघाभर उंची, वर्ष-दोन वर्षांचं आयुष्य, पण पडलेल्या बियांवर ती जागा सोडत नाही. तिच्या मुळीनं वशीकरण होतं असं सांगणाऱ्या व्हिडिओंचा सुकाळ आहे. तिच्या फुलांवर वश होतात ती फुलपाखरं, आणि तीही मधासाठी. पांढरी म्हातारी फुलली की चिमटीत धरून हलकेच ओढा. सहज सुटली तर बी पिकलंय. ते ओल्या मातीवर नुसतं भुरभुरा, वर माती लोटू नका.