डेमो ऐकताय, की घरी केलेला पुरा अल्बम?

मागे पंख्याची घरघर, गिटारच्या तारांवर बोटं घासल्याचा आवाज, मधेच गल्लीतून गेलेली बुलेट. एवढं कानावर आलं की आपल्याकडे शेरा ठरलेला असतो, ‘डेमो दिसतोय.’ स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारी पोरं-पोरी कोल्हापुरात आहेत, आणि त्यांच्या गाण्यांवर चार ओळी लिहिणारे माझ्यासारखे काहीजणही. घोळ दोन्हीकडे आहे. डेमो, म्हणजे गाण्याचा कच्चा नमुना, आणि घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेला पुरा अल्बम, ज्याला लो-फाय म्हणतात, हे एकाच पिशवीत टाकले जातात, कारण दोन्हींचा आवाज सारखाच कच्चा असू शकतो. नुसत्या आवाजावरून ते वेगळे काढता येत नाहीत. रेकॉर्डिंग कुणाच्या कानासाठी केलंय, हे बघावं लागतं.

डेमो असतो कामातल्या माणसांसाठी: कुठे कोणतं वाद्य ते ठरवणारा अरेंजर, बँडमधला ड्रमर, कंपनीत गाणी निवडणारा माणूस. जे अजून नाही तेही त्यांनी ऐकावं, ही अपेक्षा असते. इथे ढोलकी येईल, इथे कोरस येईल. म्हणून गाणारा पूर्ण ताकद लावत नाही, दुसऱ्या कडव्यात डमी शब्द चालतात, शेवट तर बऱ्याचदा नसतोच. (स्टुडिओतला ‘स्क्रॅच’ ही तिसरीच गोष्ट. वादकांना अंदाज यावा म्हणून गायलेला तो आवाज नंतर पुसला जातो. त्यावर कुणी लिहायला जात नाही, आपणही नको.)

घरी केलेला अल्बम थेट श्रोत्याकडे जातो. त्यात पुढे काही भरायचं शिल्लक नसतं. गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेलात तर बिनरंगाच्या मूर्ती दोन तऱ्हेच्या दिसतील. एक, जिला रंग लागायचाय. दुसरी शाडूची, जी गिऱ्हाइकाने तशीच मागितलीय. पहिलीत घडण बघायची. दुसरीत मातीचा रंगही बघायचा, कारण तोच तिचा रंग.

डेमो आणि अल्बम या दोहोंतली सीमा किती सरकती असते, ते अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या एका कॅसेटवरून नीट कळतं. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात त्याने गाणी रेकॉर्ड केली. यंत्र होतं टीॲक कंपनीचं पोर्टास्टुडिओ १४४, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार आवाज वेगवेगळे, भरणारं, १९७९ मध्ये बाजारात आलेलं. माइक दोन. दोन ट्रॅक गळा आणि गिटारला, उरलेल्या दोनांत माउथ ऑर्गन, दुसरा आवाज, जे काय ते. हे सगळं त्याने एका पॅनासॉनिक टेपरेकॉर्डरवर उतरवलं आणि कॅसेट मॅनेजरला पाठवली, सोबत गाण्यांवर हाताने लिहिलेली टिपणं. अशी टिपणं श्रोत्याला कुणी पाठवत नाही. म्हणजे तोवर हा निखालस डेमो होता.

मग त्याचा बँड स्टुडिओत बसला आणि गाणी बसेनात. वाजवणारे तर उत्तम होते. पण ती गाणी खुन्यांची, कर्जात बुडालेल्यांची, नोकरी गेलेल्यांची. एकट्या माणसाने रात्री स्वतःशी बोलावं तशी गायलेली. बँड आला की एकटेपण जायचं. धंद्यात याला ‘डेमोआयटिस’ म्हणून हसतात: गायकाला पहिल्या टेपची सवय होते आणि पुढचं काहीच त्याला पटत नाही. बऱ्याचदा ते खरंही असतं. इथे मात्र सवयीपेक्षा कान खरा ठरला. डबीशिवाय खिशात फिरलेली तीच कॅसेट, रेकॉर्डची तबकडी कापताना त्रास देत देत का होईना, सप्टेंबर १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ या नावाने अल्बम होऊन आली. समीक्षकांनी उचलून धरली, बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्बमांच्या यादीत ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

मला यातला खरा मासला वेगळाच वाटतो. जानेवारीतल्या त्याच कामात ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गाणंही होतं. ते मात्र बँडबरोबर उभं राहिलं आणि १९८४ च्या अल्बमचं शीर्षकगीत झालं. त्याचं घरगुती रूप १९९८ पर्यंत अधिकृतपणे बाहेर आलंच नाही. यंत्र तेच, खोली तीच, खरखरही तीच. तरी काही गाणी अल्बम झाली आणि या गाण्याचं ते रूप डेमोच राहिलं.

इंग्लिश गायिका पी. जे. हार्वीची गोष्ट उलटी. १९९३ मध्ये तिचा ‘रिड ऑफ मी’ आला, स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केलेला, कानावर आदळणारा. त्याच वर्षी तिने ‘४-ट्रॅक डेमोज’ काढला: त्यातल्याच आठ गाण्यांची घरची रूपं, शिवाय काही अप्रकाशित गाणी. इथे डेमो डेमो म्हणूनच विकला. ऐकणाऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून तोलता आले, आणि काहींना घरचीच रूपं जास्त आवडली. अमेरिकन गायक डॅनियल जॉन्स्टनने तर ऐंशीच्या दशकात साध्या टेपरेकॉर्डरवर गाऊन त्या कॅसेट टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात लोकांच्या हातात दिल्या. त्याला डेमो म्हणणं मला पटत नाही. तो पहिल्यापासून श्रोत्यांसाठीच गात होता.

आता लिहिणाऱ्याकडे वळू. आपल्या गावाचा कान मैफलीचा. देवल क्लब ही इथली गाण्याची संस्था १८८३ पासूनची. शाहू महाराजांच्या दरबारी गाणाऱ्या अल्लादियाखाँसाहेबांनी आपलं गाणं रेकॉर्ड होऊ दिलं नाही. त्यांची गायकी आपण केसरबाई, मोगूबाई या शिष्यांच्या गळ्यातून ऐकतो. अशा गावात समोर बसून ऐकायची आणि तिथल्या तिथे दाद द्यायची सवय पक्की. पण तोच कान डेमोला लावला की गडबड होते. सूर जरा हलला, माइकवर आवाज फुटला, एवढंच लिहिलं जातं, आणि ज्यासाठी डेमो पाठवला ते राहून जातं. मुखडा परत ऐकावासा वाटतो का? अंतरा मुखड्याकडे सहज परततो का? शब्द चालीवर बसलेत, की ओढून बसवलेत? डेमोला विचारायचे प्रश्न हेच. घरच्या अल्बमला हे सगळे आणि वर आणखी: हा कच्चेपणा गाण्याला काही देतोय का, की फक्त पैसे नव्हते म्हणून आहे? पैसे नसणं हा गुन्हा नव्हे, पण कानाला ते समजतं.

दुसऱ्या बाजूलाही लबाडी चालते. गाणं स्पॉटिफायवर चढवायचं, पोस्टर फिरवायचं, आणि कुणी खोट काढली की ‘डेमोच आहे ओ तो.’ असं चालत नाही. वितरकाकरवी प्रकाशित केलं, आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा, क्रमांक पडला, की ते श्रोत्याच्या दारात आलं. मित्रमंडळींचं ‘नादखुळा’ घ्यायचं असेल तर दुसऱ्याची टीकाही घ्यावी लागेल. आणि हो, ‘नादखुळा’ ही दाद झाली, समीक्षा नव्हे.

ओळखायचं कसं, तर काही खुणा आहेत. मागे लय धरून देणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक राहिलीय, शब्दांच्या जागी ‘ना ना ना’ आहे, गाणं सुटल्यासारखं थांबतं: बहुतेक डेमो. सगळ्या गाण्यांत खोलीचा आवाज एकसारखा, गळा दोनदा गाऊन एकावर एक बसवलेला, क्रम विचाराने लावलेला: कितीही खरखर असली तरी अल्बम. पत्र्यावरचा पाऊस मात्र फसवतो. तो मुद्दाम ठेवलेला असू शकतो, किंवा आषाढात कोल्हापुरात पावसाशिवाय रेकॉर्डिंग करायला जागाच मिळाली नसेल. तेव्हा सरळ विचारावं. आणखी एक: व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट आवाज पार दाबून टाकते. तेवढ्यावर मत देऊ नये. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

गाणाऱ्यांसाठी हक्कांचंही बोलायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग ही तीन वेगळी कामं आहेत. रेकॉर्डिंगचा निर्माता तो, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली. स्वतःच्या खोलीत स्वतः केलेल्या डेमोचे निर्माते तुम्हीच. उद्या कंपनीने तेच गाणं नव्याने रेकॉर्ड केलं तर ते रेकॉर्डिंग तिचं असेल, तुमच्या डेमोचं रेकॉर्डिंग त्याने तिचं होत नाही. मात्र करारात ‘सर्व रेकॉर्डिंग्ज’ असं लिहिलं असेल तर सही करण्याआधी डेमो त्यातून वगळून घ्या. शब्द आणि चालीच्या रॉयल्टीतला वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला लिहून देता येत नाही. कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. नोंदणी सक्तीची नाही, पण फाइल ईमेलने पाठवावी, म्हणजे तारीख राहते. आणि विषयाच्या ओळीत गाण्याच्या नावापुढे ‘डेमो’ की ‘अंतिम’ ते लिहावं.