तास गेला की पेटीही जाते

शाळेच्या खर्चाला कात्री लागते तेव्हा संगीताची पेटी (हार्मोनियम) कोणी विकत नाही. ती कपाटात राहते, जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिचा क्रमांकही राहतो. जातो तो शिकवणाऱ्याचा तास. वस्तूची खरेदी एकदाच होते आणि फोटोत दिसते, मानधन मात्र दर महिन्याला द्यावे लागते, म्हणून कपातीत पहिला बळी त्याचाच. पण ध्वनीचे विज्ञान आणि मुलांच्या मेंदूवर झालेले अभ्यास एकत्र ठेवून पाहिले तर हा हिशेब नेमका उलटा आहे.

आधी कायद्यात काय आहे ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक, म्हणजे ठरावीक तासांपुरते शिकवणारे, द्यायचे म्हटले आहे, पण पट १०० च्या वर असेल तरच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीतल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा या अटीतच गळतात. पहिली ते पाचवीसाठी तर तीही तरतूद नाही. शिवाय ‘कला’ या एका पदात चित्र, गायन, वादन, नृत्य सगळे आले. चित्रकलेला एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचा आधार आहे. दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही विचारतात. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षांनाही असे गुण आहेत, पण त्या परीक्षांची तयारी बहुधा बाहेरच्या क्लासात होते आणि क्लासला फी लागते.

कोल्हापुरात हे जास्त खटकते. देवल क्लब या संगीतसंस्थेची स्थापना १८८३ ची. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आणले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावात रुजली. शहरात शिकायची सोय आजही आहे. शाळेतला तास बंद झाला तर शहरातल्या, ऐपतीच्या घरातल्या मुलाचे फारसे अडत नाही. अडते ते ज्याच्या गावातून शेवटची एसटी सहाला सुटते त्याचे.

आता कपाट उघडू. पेटीचा सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. तिचे एक टोक चौकटीला रिव्हेटने पक्के असते, दुसरे मोकळे. हवा गेली की ती चौकटीच्या फटीतून आत-बाहेर हलते. जीभ आणि चौकट यांमधली जागा केसाएवढी असते. त्यात धुळीचा एक कण अडकला तरी सूर मुका होतो किंवा करकरतो. पावसाळ्यात पितळेवर हिरवट थर चढतो. जिभेच्या टोकाशी वजन वाढले की ती हळू हलते आणि सूर उतरतो. सगळे सूर सारखे उतरले असते तर चालून गेले असते, पण थर कुठे जास्त, कुठे कमी बसतो. म्हणून दोन पावसाळे बंद राहिलेल्या पेटीवर सा आणि प एकमेकांशी भांडतात.

पट्टी न दाबता एखादा सूर आपोआप वाजत राहतो, त्याचे कारण वेगळे. पट्टीखालच्या झडपेचे चामडे कडक झालेले असते, स्प्रिंग सैल पडलेली असते, नाहीतर ओलाव्याने लाकूड फुगून पट्टी अडकलेली असते. भाता तपासायची पद्धत सोपी आहे. समोरचे हवेचे खटके उघडा, भाता पूर्ण भरा, पट्ट्यांना हात लावू नका. भाता काही क्षणांतच बसला तर गळती आहे, आणि ती बहुधा घडीच्या कोपऱ्यात किंवा उंदराने कुरतडलेल्या जागी सापडते. मुका सूर मोकळा करायला जीभ पातळ पात्याने अलगद उचलून खालून कोरा कागद सरकवावा, एवढे कोणालाही जमते. सूर लावण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. जिभेचे टोक घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो, आणि घासून गेलेले पितळ परत येत नाही. ते काम कारागिराचे. मिरज इथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे आणि वाद्ये बनवणाऱ्यांचे गाव म्हणून देशभर ठाऊक आहे.

तबल्याचे विज्ञान याहून रंगतदार. हलगी वाजते तेव्हा ठेका कळतो, पण तिचा सा कोणता हे सांगता येत नाही. ताणलेल्या साध्या गोल चामड्यातून मूळ कंपनासोबत त्याच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५ पट अशी वेडीवाकडी कंपने निघतात, आणि कानाला त्यांतून एक स्वर जुळवता येत नाही. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, मधोमध शाईचा काळा गोल बसवला की चित्र बदलते. मध्यभागी वजन वाढल्याने काही कंपने मंदावतात आणि सगळी मिळून जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा पूर्ण पटींत येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये याकडे लक्ष वेधले होते. कारागिरांनी हे गणित त्याआधी कितीतरी पिढ्या हाताने सोडवले होते, ही गोष्ट वेगळी.

शाई म्हणजे लोहचूर्ण आणि पिठाची खळ. थरावर थर देऊन, दगडाने घोटून ती बसवतात. तिच्यावर ओला हात पडला, खडूची धूळ बसली, कोणी पेन्सिलीने ठोकले की कपची उडते, वजनाची मांडणी बिघडते आणि तबला पुन्हा हलगीकडे सरकतो.

शाळांतले तबले मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने फाटतात. ऑगस्टमध्ये चामडे ओल धरते, सैल पडते, सूर उतरतो. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी कोणीतरी हातोडीने गठ्ठे (वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) खाली ठोकून सूर चढवतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. म्हणजे अर्धा स्वर चढवायला ताण सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो, पूर्ण स्वराला २६ टक्के. कार्यक्रम संपतो, तबला तसाच कपाटात जातो. नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत चामडे आपोआप आवळते, गठ्ठे अजून ठोकलेलेच, आणि एक दिवस पुडी गजऱ्याजवळ (कडेच्या चामड्याच्या वेणीजवळ) फाटलेली सापडते. आठवड्यातून दोनदा वाजणाऱ्या तबल्याचे असे होत नाही, कारण वाजवणारा दर वेळी सूर पाहतो आणि गजऱ्यावर खालून हलके ठोके देऊन तो उतरवतो. गैरहजर निदेशकाची किंमत अशी पुडीतही मोजावी लागते. झाकायला प्लास्टिक नको, ते ओल आतच कोंडते. सुती कापड, आणि कपाट ओल्या भिंतीपासून वीतभर लांब.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा महापूर पाहिलेल्या शिरोळ, करवीरच्या शाळांसाठी एवढेच: भिजलेली पेटी उन्हात ठेवू नये. सांधे आधीच सुटलेले असतात, उन्हाने फळ्याही तडकतात. सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. सूर बहुधा वाचतात, भाता वाचत नाही. तबल्याची भिजलेली पुडी टाकून द्यावी, लाकडी खोड मात्र ठेवावे.

एवढा खटाटोप कशासाठी? ‘संगीताने गणित सुधारते’ हे उत्तर निधी मागताना हमखास दिले जाते, आणि ते कच्चे आहे. कॅनडात १४४ सहा वर्षांच्या मुलांवर झालेला, २००४ साली प्रसिद्ध झालेला शेलेनबर्ग यांचा प्रयोग नेहमी पुढे केला जातो. वर्षभर संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जेमतेम तीन गुणांनी जास्त वाढला. २०२० मध्ये साला आणि गोबे यांनी ५४ अभ्यास, सुमारे ७,००० मुले एकत्र तपासली. तुलनेतल्या मुलांनाही दुसरे काही रंजक शिकवले होते अशा अभ्यासांत हा फायदा उरलाच नाही. उद्या अर्थखात्याचा माणूस हा अभ्यास टेबलावर ठेवील, तेव्हा गणिताच्या कुबडीवर उभा केलेला तास कोसळेल.

टिकणारा पुरावा कानाचा आहे. ‘बा’ आणि ‘गा’ यांतला फरक पहिल्या काही शतांश सेकंदांत संपतो. मेंदू-संशोधक नीना क्राउस यांच्या गटाने लॉस एंजेलिसमध्ये गरीब वस्त्यांतल्या मुलांना मोफत संगीत शिकवणाऱ्या उपक्रमात डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदू हा फरक किती स्पष्ट टिपतो ते मोजले. २०१४ मध्ये आलेला निष्कर्ष असा: एका वर्षाने फरक पडला नाही, दोन वर्षांनी पडला. २०१५ च्या पुढच्या अभ्यासात गोंगाटातले बोलणे ओळखण्याची क्षमताही दोन वर्षांनी सुधारलेली दिसली. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना गुरुजी काय म्हणाले हे तिसऱ्या बाकावर ऐकू येणे, हाच तो फायदा. याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली: नुसते संगीत ऐकून समजून घेणाऱ्यांपेक्षा हाताने वाद्य वाजवणाऱ्या मुलांत बदल ठळक होता. त्यामुळे स्मार्ट टीव्हीवर गाणी लावून तास भरून निघत नाही. गॅदरिंगआधी पंधरा दिवस एकच समूहगीत घोकून घेणे हेही संगीतशिक्षण नव्हे, मग टाळ्या कितीही पडोत.

तासांचा हिशेब करू. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका, वर्षाचे ३५ आठवडे धरले तर सुमारे ४१ तास होतात, दोन वर्षांत ८२. एक तासिका कापली की तेवढ्याच शिक्षणाला चार वर्षे लागतात, आणि तोवर मूल शाळा बदलते.

त्या तासातही हमखास होणारी चूक गाण्याच्या पट्टीची, म्हणजे सा कोणत्या उंचीवर धरायचा याची. प्राथमिक वयाच्या मुलांचा सोयीचा आवाज साधारण २६० ते ५२० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून (पांढरी एक) वरच्या सप्तकातल्या पांढरी एकपर्यंत. गुरुजी आपल्या सोयीने तिच्या लगतची काळी एक हा सा धरतात. गाणे मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाला उतरले की मुलांना २०८ हर्ट्झ गाठावे लागते. ते पुटपुटतात आणि बेसूर ठरतात. पुरुषाचा आवाज एक सप्तक खाली असल्याने काही मुले तोच खालचा सूर धरायला धडपडतात. आधी पेटीवर मुलांचा सा वाजवून द्यावा, गाण्यातला सर्वांत खालचा स्वर पांढरी एकच्या वर बसेल अशी पट्टी निवडावी. वर्गातली निम्मी ‘बेसूर’ मुले तिथेच सुरात येतात.

तालाला तर वाद्यही नको. त्रितालाच्या १६ मात्रा, टाळी १, ५ आणि १३ ला, खाली ९ ला. चाळीस मुले एकत्र टाळी देऊ लागली की लय वाढतच जाते, कारण प्रत्येक जण पुढे गेलेल्या शेजाऱ्याशी जुळवून घेतो. अर्ध्या वर्गाने मात्रा मोठ्याने मोजाव्यात, अर्ध्याने टाळी द्यावी आणि प्रत्येक समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, अदलाबदल करावी. मोजणारे असले की लय पळत नाही.

१०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या शासकीय योजनेतून वर्षाला ५० हजारांचे एकत्रित अनुदान ठरले आहे. किमान दहावा हिस्सा स्वच्छतेला जातो, उरलेल्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती. त्यातून मानधन भागणार नाही, म्हणून निदेशकाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने पंचायत समितीकडे गेली पाहिजे, आणि ठरावात वाद्यखरेदीच्या आधी तासिकांची संख्या लिहिलेली असावी. लोकवर्गणी देणारे माजी विद्यार्थी बहुधा नवी पेटी देऊ करतात. त्यांना जुन्या पेटीचा भाता, तबल्याच्या दोन पुड्या आणि वर्षभराच्या तासिकांचे मानधन असा कागद हातात द्यावा.