प्रतीकं ठरवूया रंग लागण्याआधी

आमच्याकडे अतिवास्तव, म्हणजे स्वप्नात दिसावं तशा, शैलीतलं तैलव्यक्तिचित्र करून घ्यायला येणाऱ्या बहुतेकांनी मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा कालो हिची किंवा स्पेनचा चित्रकार साल्वादोर दाली याची चित्रं फोनवर पाहिलेली असतात. आईचं, बायकोचं किंवा स्वतःचं चित्र ‘तसं’ हवं, हे मनात पक्कं असतं. मग प्रश्न येतो, की चित्रात काय काय घालायचं आणि कशाचा अर्थ काय? हे पत्रक त्यासाठीच काढलं आहे.

अर्थांची तयार यादी आम्ही देत नाही. घुबडाचंच बघा. आपल्याकडे ते घराजवळ ओरडलं तरी मोठी माणसं अस्वस्थ होतात. बंगालमध्ये तेच लक्ष्मीचं वाहन आणि ग्रीकांकडे अथीना या ज्ञानदेवतेचा पक्षी. तुमच्या चित्रातल्या घुबडाचा अर्थ यातल्या कुठल्याच यादीतून येत नाही. जिचं चित्र आहे तिच्या आयुष्यात ते कुठून आलं, त्यावर तो ठरतो.

सगळ्यात जास्त दाखवलं जातं ते फ्रिदाचं १९४० सालचं आत्मचित्र. गळ्यात काट्यांची माळ, काटे मानेत रुतलेले, रक्ताचे थेंब उतरलेले. माळेत लॉकेटसारखा लोंबणारा, पंख पसरलेला मेलेला हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी. खांद्यांमागून एकीकडे काळं मांजर, दुसरीकडे माळेशी चाळा करणारं माकड. केसांत फुलपाखरं. मेक्सिकोच्या लोकसमजुतीत मेलेला हमिंगबर्ड प्रेम मिळवून देणारा ताईत मानला जाई, आणि आदल्याच वर्षी, १९३९ मध्ये, फ्रिदाचा तिचा नवरा, चित्रकार दिएगो रिवेरा याच्याशी घटस्फोट झाला होता. तो पक्षी तिचा आहे, तिच्या देशातला आणि तिच्या दुःखातला. आमच्या मते हे चित्र उभं आहे ते चेहऱ्यावर. एवढे काटे रुतूनही चेहऱ्यावर रडू नाही, नजर सरळ समोर आहे. म्हणून काटे बोचतात. चेहरा आम्ही नेहमी वास्तववादी ठेवतो आणि शक्य असेल तेव्हा समोर बसवूनच रंगवतो, ते याच कारणाने.

हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर आढळत नाही. तुमच्या अंगणातल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. आईने रोज सकाळी तो पाहिला असेल, तर चित्रात शिंजीरच शोभेल. आयुष्यभर ब्लाउज शिवून घर चालवलेल्या एका ताईंच्या चित्रात आम्ही गळ्यातली मापाची टेप खाली उतरत उतरत नदी होताना दाखवली. आकडे पाण्यात विरघळत जातात. पाहुण्यांनी अर्थ विचारला, की घरचे सगळे सांगू शकतात.

आता ज्याने आमचा आणि तुमचाही सर्वांत जास्त वेळ जातो, ते. चेहरा पूर्ण होत आला, की फोन येतो: “मागे एक घड्याळ टाकता येईल का?” किंवा “सासूबाईंना ते तडे अशुभ वाटतात, तेवढे काढून टाका.” तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. हाताला न लागण्याइतपत वाळायला काही दिवस, आतून वाळायला महिने लागतात. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा असावा लागतो. ओल्या थरावर घाईने नवा थर चढवला, तर पुढे भेगा पडतात. शिवाय झाकलेलं पूर्ण झाकलं जात नाही. तैलरंग वर्षं जातील तसा थोडा पारदर्शक होतो आणि खालचा आकार डोकावू लागतो. आमच्या एका चित्रात बाजूने उजेड पडला, की झाकलेल्या पक्ष्याच्या पंखाची कड आजही दिसते. नीट करायचं तर तेवढा भाग खरवडून, वाळवून पुन्हा रंगवावा लागतो आणि चित्र काही आठवडे लांबतं.

यासाठीच आम्ही आधी कॅनव्हासच्याच मापाचं कोळशाचं रेखाटन करतो आणि तुमची सही झाल्याशिवाय रंगाला हात लावत नाही. काहींना ही सही जाचक वाटते. पण रेखाटनात घुबड पुसायला एक फडकं पुरतं. तिथे दोनदा बदल करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. रंग लागल्यानंतरच्या बदलाचे मात्र घेतो. घरात ज्यांचा शब्द चालतो, त्या सगळ्यांना रेखाटन बघायला आवर्जून घेऊन या.

प्रतीकं दोन, फार तर तीन ठेवा. सात-आठ झाली, की चेहरा मागे पडतो. पहिल्या भेटीला इंटरनेटवरची चित्रं आणलीत तरी हरकत नाही, पण सोबत जिचं चित्र काढायचं तिच्या वापरातली एखादी वस्तू जरूर आणा: अडकित्ता, चष्म्याचं घर, शाळेची घंटा, काहीही. बोलणं तिथूनच सुरू करू. त्या भेटीचे पैसे नाहीत. चित्र घरी गेल्यावर साधारण सहा महिन्यांनी, रंग नीट वाळला की, एकदा परत आणा. शेवटचं वार्निश ठरलेल्या किमतीतच लावून देतो.