सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 43-44 अंशांवर जातो. भर दुपारी लांबून आलेली गाडी चहापुरती बंद करावी, पुन्हा सेल्फ मारावा, तर सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन काही पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थंड होऊ दिलं की तीच गाडी एका दमात सुरू होते. गाडी बंद केल्यावर वारा थांबतो, कूलंटही फिरत नाही आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच राहते. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; त्याची जागा सांगणारा कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर कमजोर झाला असेल तर नेमका तेव्हा दगा देतो. पिस्टनमुळे फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचा क्रँक सेन्सरही असाच वागतो, म्हणून दोघांवर संशय ठेवायचा.

क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा. पिस्टन वर आला हे क्रँक सेन्सरवरून कळतं. पण ती वेळ कॉम्प्रेशनची की एक्झॉस्टची, हे कॅम सेन्सरवरून ठरतं. त्याचा सिग्नल गेला तर काही गाड्या अंदाजाने चालतात, सेल्फ मात्र लांब मारावा लागतो. काही अजिबात सुरू होत नाहीत.

बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी0340, म्हणजे कॅम सेन्सरचा कोड, दिसला की लगेच सेन्सर बदलला जातो, आणि पैसे इथेच वाया जातात. हा कोड पूर्ण सर्किटचा आहे: वायर, कपलर (वायर जोडणारा प्लग), सप्लाय, अर्थिंग, काहीही असू शकतं. सोबत पी0016 असेल तर कॅम आणि क्रँकचा मेळ बिघडलाय. टायमिंग बेल्टचा दात सरकलाय का, चेन सैल झालीय का, ते आधी बघा. सेल्फ मारताना स्कॅनर आरपीएम शून्य दाखवत असेल तर क्रँक सेन्सरपासून सुरुवात करा.

आता कॅम सेन्सरचा कपलर काढा. आत तेल उतरलंय का, पिन हिरवी पडलीय का? सोयाबीनच्या पोत्यांशेजारी किंवा उसाच्या फडाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलेली हमखास सापडते.

तीन वायरचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारा, असतो. कपलर काढून चावी ऑन करा. सप्लायच्या पिनवर, गाडीप्रमाणे, 5 व्होल्ट किंवा बॅटरीइतके व्होल्ट हवेत. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी कपलरच्या अर्थला लावा. बॅटरीइतकंच रीडिंग आलं तर अर्थिंग चांगलं. मग कपलर जोडा, मागून बारीक पिन घालून सिग्नल वायरवर मीटर लावा आणि सेल्फ मारा. आकडा खालीवर हलला पाहिजे. सप्लाय आणि अर्थ ठीक असून तो एकाच जागी खिळला, तर सेन्सर किंवा सिग्नलची वायर. वायर ईसीयूपर्यंत (इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत) सलग आहे, कुठे शॉर्ट नाही, एवढं तपासलं की उरतो सेन्सर. हॉल सेन्सरचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही. ती तपासणी दोन वायरच्या कॉइलवाल्या सेन्सरची, आणि तिचा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

थंड गाडीत सगळं बरोबर आलं म्हणून सेन्सर पास करू नका. हेअर ड्रायरने सेन्सर तापवा आणि पुन्हा सेल्फ मारून मीटर बघा. तापल्यावर सिग्नल गायब आणि थंड झाल्यावर परत, तर निकाल लागला.

बदलताना बोल्ट काढून सेन्सर हळूच फिरवत ओढा, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असेल तर तो कुठून आला ते शोधा. नव्या ओ-रिंगला (सेन्सरच्या रबरी रिंगला) इंजिन ऑइलचं बोट लावा. बोल्ट हलक्या हाताने आवळा. ॲल्युमिनियममधले आटे लगेच जातात. कोड पुसल्यावर गाडी तापेपर्यंत चालवा, दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवा आणि मगच सेल्फ मारा.