बॅकअपसाठी पार्टिशनची निवड

कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर जे वेगवेगळे भाग पाडलेले असतात, म्हणजे सी, डी, ई आणि शिवाय काही न दिसणारे, त्यातले कुठले बॅकअपमध्ये घ्यायचे आणि कुठले सोडायचे हे ठरवणं म्हणजे पार्टिशनची निवड. सॉफ्टवेअरमध्ये हे काम चौकोनात टिक मारण्याएवढंच असतं त्यामुळं लोक घाईत उरकतात. पण डिस्क गेली की मशीन तासा-दोन तासात परत उभं राहणार, का विंडोज, टॅली, प्रिंटर, फॉन्ट सगळं नव्यानं टाकत दोन दिवस जाणार, हे त्याच टिकवर ठरलेलं असतं. सांगलीत हा विषय जास्तच महत्त्वाचा, कारण इथं डिस्क नुसती जुनी होऊन जात नाही, कृष्णेच्या पाण्यातपण जाते.

पीसीवर हार्ड डिस्कचे भाग पाडायची सोय १९८३ च्या पीसी डॉस २.० पासून आहे. त्यातली एमबीआर ही जुनी पद्धत अजून कितीतरी मशीनवर चालू आहे, तिच्यात प्रायमरी पार्टिशन चारच करता येतात आणि साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. नंतरची जीपीटी, तिच्यात विंडोजवर १२८ पार्टिशन होतात, आणि आताची सगळी नवी मशीन हीच वापरतात. बॅकअप घेणाऱ्याला हा फरक माहीत पाहिजे, कारण एमबीआरवरून घेतलेली इमेज, म्हणजे पार्टिशनची जशीच्या तशी फाइलमध्ये घेतलेली नक्कल, नुसत्या यूईएफआयवर (मशीन चालू करायची नवी पद्धत) चालणाऱ्या नव्या मशीनवर टाकली तर सगळा डेटा येतो पण मशीन चालू होत नाही.

आपल्याकडं असेंबल केलेला पीसी घेतला की दुकानदार न सांगता सी, डी, ई असे तीन भाग पाडून देतो, डी आणि ई चं नाव बहुतेक वेळा न्यू व्हॉल्यूम असंच राहिलेलं असतं. यामागचा विचार चांगलाच आहे, विंडोज बिघडलं तर नुसता सी फॉरमॅट करायचा, डी वरचं काही जात नाही. पण यातून एक समज घट्ट बसलाय की डी वर ठेवलं म्हणजे सेफ झालं. सी आणि डी एकाच डिस्कवर असतात, डिस्क बंद पडली की दोन्ही एकदम जातात, त्यामुळं सी चा बॅकअप घेऊन तो डी वर ठेवण्याला बॅकअप म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज खराब झालं तर तो कामाला येईल, बाकी कशालाच नाही.

आधी डिस्कवर नक्की काय आहे ते बघून घ्यावं. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबलं की जी यादी येते त्यात डिस्क मॅनेजमेंट आहे, ते उघडायचं. साध्या विंडोज १० किंवा ११ च्या मशीनवर पहिला चौकोन १०० एमबीच्या आसपासचा दिसतो, ईएफआय सिस्टम पार्टिशन, त्याला अक्षर नसतं. मग सी, त्याच्या मागं पाचशे-सातशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्त करायची साधनं असलेलं), मग डी, ई. यात अजून एक १६ एमबीचं रिझर्व्हड पार्टिशन असतं ते इथं दिसतच नाही, डिस्कपार्ट कमांडमध्ये दिसतं. आता लोक काय करतात, बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये सी वर टिक मारतात आणि पुढं जातात. पण मशीन चालू करणारी फाइल सी वर नसतेच, ती त्या १०० एमबीच्या ईएफआयमध्ये असते. नुसता सी नव्या डिस्कवर टाकला तर फायली सगळ्या दिसतात पण विंडोज उठत नाही, मग पेनड्राइव्हवरून बूट करून, म्हणजे मशीन चालू करून, बीसीडीबूट कमांडनं ते परत बसवावं लागतं. जमतं, पण ज्याला येतं त्यालाच. म्हणून सी घेतला की ईएफआय घ्यायचंच, जुन्या एमबीआर मशीनवर त्याच्या जागी सिस्टम रिझर्व्हड असतं ते घ्यायचं. रिकव्हरी पण घ्यावं, त्याला जागा किती लागते. १६ एमबीवाल्यात कसला डेटाच नसतो, सॉफ्टवेअरनं सोडलं तरी चालतं.

एक अडचण मात्र आजकाल फार दिसते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. जुना पीसी स्लो झाला म्हणून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, टाकून घेतात, जुनी हार्ड डिस्क डेटासाठी तशीच आत राहते. आता विंडोज टाकताना ती जुनी डिस्क जोडलेलीच असेल तर विंडोज नवीन बूट पार्टिशन करत नाही, जुन्या डिस्कवर जे आहे तेच वापरतं. म्हणजे सी एसएसडीवर आणि चालू करणारा भाग जुन्या डिस्कवर. मालक म्हणतो मी पूर्ण एसएसडीचा बॅकअप घेतलाय, आणि ते खरंपण असतं, पण जुनी डिस्क मेली त्या दिवशी नवीकोरी एसएसडी असून मशीन चालू होत नाही आणि बॅकअपमधूनही होत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ० आणि डिस्क १ अशा दोन ओळी दिसतात, त्यात ईएफआय किंवा सिस्टम असं कुठल्या ओळीत लिहिलंय तेवढं बघून घ्यावं.

डेटा कुठं आहे हा पुढचा प्रश्न. डेटा डी वर आहे असं जवळजवळ प्रत्येकजण सांगतो, आणि तो अर्धाच असतो. डेस्कटॉप, डाउनलोड, डॉक्युमेंट हे सगळं सी वर, युजर्सच्या फोल्डरमध्ये. टॅलीप्राइम काही न बदलता टाकलं तर कंपन्यांचा डेटा सी वरच्या युजर्स, पब्लिकच्या खाली जातो, त्यामुळं मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या किंवा बेदाण्याच्या अडत दुकानात डी वर हिशेबपट्ट्यांच्या एक्सेल फायली नीट वर्षवार लावलेल्या असतात आणि खरी खातेवही सी वर असते जिचा बॅकअप कुणीच घेत नाही. आउटलूकच्या मेलचंपण तसंच. डीटीपीवाल्यांचं तर अजून वेगळं. लग्नपत्रिकेची फाइल डी वर असते, पण ती जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि फॉन्ट असतात सी वर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. डी जपला, सी गेला, नवीन मशीनवर फाइल उघडली की वधू-वरांच्या नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल शाबूत आहे, वाचता येत नाही. तो फॉन्ट परत मिळाला तर ठीक, पण तीच आवृत्ती मिळेल असं नसतं, आणि अक्षरांची मांडणी थोडी बदलली तरी जोडाक्षरं तुटतात. म्हणून छपाईच्या धंद्यात सी ची इमेज घेणं डी च्या बॅकअपइतकंच गरजेचं आहे.

माझ्या मते या सगळ्या निवडीत एकच प्रश्न आधी विचारावा: हे परत टाकताना काय पुसलं जाणार? पार्टिशनची इमेज परत टाकली की त्या पार्टिशनवर आत्ता जे आहे ते जातं आणि बॅकअपच्या दिवशी जे होतं ते येतं. समजा सी, डी, ई तिन्हीची मिळून एक इमेज महिन्यापूर्वी घेतलीय, आज अपडेटनंतर विंडोज बिघडलं, तर ती अख्खी इमेज परत टाकणारा माणूस डी वरचं महिनाभराचं कामपण पुसतो. कंट्रोल पॅनलमध्ये विंडोज ७ च्या नावानं जी सिस्टम इमेजची सोय अजून आहे ती तर रिस्टोर करताना, म्हणजे परत टाकताना, एकेक पार्टिशन निवडायला देत नाही. आणि तिच्यात विंडोजला लागणारी पार्टिशन आपोआप टिक केलेली येतात, काढता येत नाहीत. एखादा प्रोग्रॅम आपली सर्व्हिस (मागं आपोआप चालणारा भाग) डी वर टाकून बसला असेल तर ती डी लापण सिस्टमचा भाग धरते. हे चांगल्या चांगल्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून दोन बॅकअप वेगळे ठेवणं बरं: ईएफआय, सी आणि रिकव्हरी मिळून एक इमेज, ती मोठ्या अपडेटच्या आधी किंवा महिन्यातून एकदा, आणि डी, ई चा फायलींचा बॅकअप रोज. टॅलीसारखं सी वरचं रोज बदलणारं काही असेल तर ते या रोजच्यात घालायचं, किंवा सरळ डेटाची जागा बदलून डी वर न्यायची. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, तेव्हा रोजच्या बॅकअपमधलं जुनं पुसताना वर्षाअखेरची एक प्रत बाजूला काढून ठेवावी.

सॉफ्टवेअर बहुतेक करून पार्टिशनची वापरलेली जागाच कॉपी करतं, रिकामी नाही, त्यामुळं ५०० जीबीचा डी आहे म्हणून ५०० जीबीची जागा लागेल असं नाही. पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइलपण (विंडोजच्या तात्पुरत्या कामाच्या फायली) बरीच सॉफ्टवेअर सोडून देतात. पण फोटो स्टुडिओवाल्यांनी इमेज दाबून लहान होईल या भरवशावर राहू नये, जेपेग फोटो आणि एमपी४ व्हिडिओ आधीच दाबलेले असतात. लिनक्स असेल तर रूट (सिस्टम) आणि होम (युजरच्या फायली) घ्यायचं, स्वॅप (तात्पुरती जागा) सोडायचं. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर ईएफआय दोघांचं एकच असतं, ते चुकवू नये.

आता पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीत शाळेतल्या पोरालापण माहीत असतं. २००५ ला पाणी आलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला परत आलं. गावभागात आणि पेठांमध्ये तळमजल्याला दुकान असेल तर सीपीयू आणि त्याच्या शेजारी ड्रॉवरमध्ये ठेवलेली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात जातात. त्यामुळं इथं पार्टिशन निवडताना मी असं सुचवीन की रोजचा जो डेटाचा बॅकअप आहे तो नेटवरपण जावा, तेवढ्याला जागा आणि स्पीड पुरतो, आणि सी ची मोठी इमेज दोन डिस्कवर आलटून पालटून घ्यावी, त्यातली एक कायम पाणी न येणाऱ्या भागात कुणा नातेवाइकांच्या घरी. पाणी चढायला लागल्यावर इमेज घ्यायला बसू नये, वीज कधी तोडतील सांगता येत नाही, तेव्हा सीपीयूच वर न्यावा. आणि भिजलेली डिस्क वाळवून चालू करून बघायची नाही, आत गाळ असतो, ती तशीच रिकव्हरीवाल्याकडं द्यायची.

परत टाकायची वेळ येते तेव्हा आपण पेनड्राइव्हवरून बूट केलेलं असतं आणि तिथं अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणजे रोजचा सी तिथं डी म्हणून दिसतो. घाबरलेल्या माणसानं अक्षर बघून टिक मारली तर चुकीचं पार्टिशन पुसलं जातं. यावर उपाय साधा आहे, आजच प्रत्येक पार्टिशनला न्यू व्हॉल्यूम सोडून खरं नाव द्यावं, विंडोज, ऑफिस, फोटो असं काहीही, नाव इमेजबरोबर जातं आणि कुठूनही बूट केलं तरी दिसतं. मशीनमध्ये भाग वाढवले, जोडले किंवा लहान-मोठे केले तर बॅकअपच्या कामातली यादी परत उघडून बघावी, नवीन पार्टिशन त्यात आपोआप येईलच असं धरून चालू नये.

आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. नवीन लॅपटॉपवर विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच वेळा डिस्क आपोआप लॉक होते आणि मालकाला पत्ताच नसतो. चालू विंडोजमधून इमेज घेतली तर ती उघड्या डेटाची होते, म्हणजे ती डिस्क ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं वाचता येतं, म्हणून इमेजलाच पासवर्ड घालावा. उलट बाहेरून बूट करून लॉक असलेल्या पार्टिशनची इमेज घेतली तर सॉफ्टवेअरला आतलं काहीच कळत नाही, ते रिकाम्या जागेसकट अख्खं पार्टिशन उचलतं, आणि ती परत टाकल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती की, पार्टिशनची नावं आणि साइज, आणि इमेजचा पासवर्ड एका कागदावर लिहून घरी कपाटात ठेवावा, बॅकअपच्या डिस्कबरोबर नाही.