अकराव्या वर्षीचे गुण

१ जून १९९८ रोजी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन शहराच्या म्युझिक हॉलमध्ये ७३ माणसं परीक्षेला बसली. सगळ्यांचा जन्म १९२१चा. समोर ठेवलेली प्रश्नपत्रिका त्यांनी याआधी एकदा सोडवली होती, बरोबर ६६ वर्षांपूर्वी, १ जून १९३२ला, शाळेच्या बाकावर बसून. प्रश्न तेच, सूचना त्याच, वेळही तीच, पाऊण तास.

१९३२च्या त्या दिवशी स्कॉटलंडनं १९२१ साली जन्मलेल्या आणि शाळेत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाची बुद्धिमापन चाचणी घेतली होती. मुलं होती ८७,४९८. मग १९४७ साली १९३६मध्ये जन्मलेल्यांची पाळी आली, ती ७०,८०५ भरली. गुण हातानं वह्यांमध्ये उतरवले गेले आणि त्या वह्या एडिनबर्गमध्ये पडून राहिल्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस लॉरेन्स व्हॉली आणि इयन डिअरी या दोन संशोधकांच्या हाती त्या लागल्या आणि आपल्यापुढे काय आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. ही मुलं आता म्हातारी झाली होती, आणि अकराव्या वर्षी ती कशी विचार करत होती याचा लेखी पुरावा समोर होता.

या पुराव्याचं मोल कळण्यासाठी विहीर डोळ्यांसमोर आणावी. मे महिन्यात विहिरीत डोकावून पाणी किती आहे ते सांगता येतं, पण यंदा किती आटलं ते सांगता येत नाही. त्यासाठी दिवाळीतली पातळी माहीत असावी लागते. पंचाहत्तरीतल्या माणसाची स्मरणशक्ती तपासली तर मे महिन्यातला आकडा मिळतो. वार्धक्यावरच्या बहुतेक संशोधनाकडे तेवढाच असतो. स्कॉटलंडकडे दिवाळीचाही होता.

२००४पासून एडिनबर्ग आणि आसपासच्या लोदियन भागातली १९३६ची मुलं शोधून काढण्यात आली. १,०९१ जण तयार झाले. सत्तरीच्या सुमारास पहिली तपासणी झाली, मग साधारण दर तीन वर्षांनी पुढच्या. जुनी चाचणी, स्मरणशक्तीचे नवे प्रश्न, रक्त, चालण्याचा वेग, खाणंपिणं, आणि त्र्याहत्तरीपासून मेंदूचं एमआरआय स्कॅनसुद्धा.

आता कॉफीची गोष्ट. ती माझी सर्वांत आवडती आहे आणि मी ती मिळेल त्याला सांगते. सत्तरीतल्या या मंडळींपैकी ९२३ जणांचं कॉफी आणि चहा पिणं तपासलं, तेव्हा असं दिसलं की कॅफीन जास्त घेणाऱ्यांना चाचण्यांमध्ये गुणही जास्त पडतात. बहुतेक ठिकाणी अभ्यास इथेच संपला असता, दुसऱ्या दिवशी बातमी आली असती आणि तिसऱ्या दिवशी ती आपल्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर पोचली असती. एडिनबर्गच्या चमूनं मात्र वही उघडली. अकराव्या वर्षीचे गुण आणि सामाजिक स्तर हिशेबात घेतल्यावर ते संबंध बहुतेक सगळे पुसले गेले. कॉफीनं या लोकांची बुद्धी शाबूत ठेवली होती असं म्हणायला आधार उरला नाही. लहानपणी ज्यांना चाचणी चांगली जमली होती, ते पुढे अशा नोकऱ्यांत, अशा घरांत गेले जिथे कॉफी जास्त प्यायली जात होती, असं म्हणणं जास्त जुळतं. कारण आणि परिणाम यांची जागा उलटी असू शकते, हे मला याहून सोप्या शब्दांत आजवर कुणी समजावलेलं नाही.

एकदा ज्येष्ठ नागरिक संघात मी हे सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "ताई, मग मी रविवारचं शब्दकोडं सोडवू की नको?" त्यांच्या आवाजात काळजी होती. वीस वर्षं न चुकता ते शब्दकोडं सोडवत होते, ते डोक्यासाठी चांगलं असतं असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही स्कॉटलंडमध्येच मिळतं. ॲबरडीनमधल्या १९३६च्या तुकडीतल्या ४९८ जणांचा अभ्यास २०१८मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. साठी ओलांडल्यापासून पुढे पंधरा वर्षांपर्यंत त्यांची पुनःपुन्हा तपासणी झाली होती. कोडी सोडवणं, डोकं चालवावं लागेल असे छंद असणं, यामुळे बुद्धीची घसरण हळू होते असं त्यात दिसलं नाही. पण आयुष्यभर डोकं चालवत आलेली माणसं घसरणीच्या सुरुवातीला जास्त उंचीवर उभी होती. उतार तोच, पण उंचावरून उतरायला लागलेल्या माणसाला पायथ्याशी पोचायला वेळ लागतो. काकांना मी हेच सांगितलं आणि शब्दकोडं आवडत असेल तर जरूर सोडवा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला. "आवडतं म्हणूनच करतो हो," ते म्हणाले.

त्या दिवसानंतर मला वाटू लागलं की म्हातारपणाविषयीचं संशोधन लोकांना सांगायचं तर ‘काय खावं, काय करावं’ एवढंच सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते अनुमान कसं काढलं, कुठे फसता आलं असतं, हे ऐकायला माणसं तयार असतात. सत्तर वर्षं संसार आणि व्यवहार केलेल्या माणसाला उलटतपासणी कशी करतात हे कुणी शिकवावं लागत नाही.

लोदियनचे संशोधक हे आपल्या लोकांच्या बाबतीत पाळत आले आहेत. सहभागी मंडळींना वार्तापत्रं जातात, त्यांचे मेळावे भरतात, तुमच्याकडून आम्हाला काय कळलं ते तिथे त्यांना सांगितलं जातं. त्यांची व्यक्तिचित्रं काढून प्रदर्शनंही भरवली गेली. कित्येकांनी मृत्यूनंतर आपला मेंदू याच अभ्यासाला देण्याची लेखी संमती दिली आहे. वेळेवर निकाल कळवणाऱ्या माणसांवरच असा विश्वास बसतो.

वहीच्या कसोटीला उतरलेल्याही गोष्टी आहेत. २०१५मध्ये याच तुकडीतल्या सुमारे पाचशे जणांच्या स्कॅनवरून दिसलं की धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, पातळ झालेला असतो. सोडलेल्यांचा काही अंशी भरून येत असावा, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात, पूर्ण भरायला सुमारे पंचवीस. व्यायामाचंही तसंच काहीसं. सत्तरीत जास्त हालचाल करणाऱ्यांच्या मेंदूचा आकार त्र्याहत्तरीत कमी आक्रसलेला होता. तिथेही संशोधकांनी एक शंका उघड मांडली, की मेंदू आक्रसू लागल्यामुळेच काही जणांचं चालणंफिरणं कमी झालं असेल का.

आणि भाषा. एडिनबर्गमध्ये ८५३ जणांच्या नोंदींवरून, अकराव्या वर्षीचे गुण धरूनही, दुसरी भाषा बोलणाऱ्यांची सत्तरीतली कामगिरी अपेक्षेपेक्षा बरी निघाली. मोठेपणी भाषा शिकलेल्यांचीसुद्धा. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१३ला, हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि शाळेची पायरी न चढलेल्यांमध्येही हा फरक टिकून होता. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, हिंदी एकाच गल्लीत कानावर पडतात. घरी मराठी, बाजारात हिंदी अशी जगलेली आपली आजी हे ऐकून सुखावेल. पण हैदराबादकडे लहानपणीची वही नव्हती, हे तिला त्याच दमात सांगायला हवं.

आपल्याकडे अशी वही नाहीच. म्हणून देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांचा ‘लासी’ हा वार्धक्यावरचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्याची पहिली फेरी २०१७मध्ये सुरू झाली आणि तो मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालतो. त्यात दहा शब्द वाचून दाखवतात आणि आठवतील तेवढे परत सांगायला सांगतात, थोड्या वेळानं पुन्हा. त्या दिवशी किती शब्द आठवले त्यावरून कुणाला आजार आहे असं ठरत नाही. ती फक्त दिवाळीतली पातळी, जिचा उपयोग त्याच माणसांकडे पुन्हा गेल्यावर व्हायचा आहे.

ज्या आजीनं आपल्या ओसरीवर बसून ते दहा शब्द आठवून आठवून सांगितले, तिला त्या फेरीत काय सापडलं ते तिच्या भाषेत, तिला विचारता येतील एवढे प्रश्न विचारू देऊन, कुणीतरी जाऊन सांगायला हवं. गावात आशाताई आहेत, वाचनालयं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. संघातल्या त्या काकांनी मला निघताना थांबवून आणखी एक गोष्ट विचारली होती. त्या ७३ जणांपैकी कुणाचे गुण वाढले होते का? होय, वाढले होते. कुणी वर गेलं होतं, कुणी खाली आलं होतं, आणि असं का झालं हेच गेली पंचवीसहून जास्त वर्षं ते संशोधक शोधत आहेत.